मोहरी उठली, रिकाम्या चौकटी दसऱ्यापर्यंत कशा जपायच्या?

मुरारकर (ग्वाल्हेर)

सगळ्यांना नमस्कार. इटालियन मधमाश्यांच्या पेट्या ठेवायला लागल्यापासून माझा हा दुसरा हंगाम. घर मुरारला, पेट्या डबऱ्याकडे एका ओळखीच्यांच्या शेतावर. मोहरी यंदा छान फुलली, पेट्या दहा-दहा चौकटींनी (माश्या ज्यात पोळं बांधतात त्या लाकडी चौकटी) भरल्या, फेब्रुवारीत शेवटचा मध काढून झाला. आता शेतं कापणीला आली आहेत, माशी कमी होत चालली आहे आणि बांधलेल्या पोळ्यांच्या साठेक चौकटी रिकाम्या होऊन घरी आल्या आहेत.

पुन्हा मोहरी फुलेपर्यंत, निदान दसऱ्यापर्यंत तरी, त्या जपायच्या आहेत. जिथे जिथे वाचलं तिथे एकच सांगितलेलं दिसलं: हिवाळ्यात रिकाम्या चौकटी बाहेरच्या शेडमध्ये रचून ठेवा, थंडी मेणकिड्याला (ज्याची अळी पोळी खाते त्या पतंगाला) मारते. पण आपल्याकडे हिवाळा हाच तर मधाचा हंगाम. चौकटी रिकाम्या होतात होळीच्या सुमाराला. पुढे मे महिन्याचं पंचेचाळीस अंशांचं ऊन, त्यानंतर चार महिने दमट हवा. मग थंडीचा उपयोग आपण करून घ्यायचा तरी कसा?

माझ्याकडे जागा दोन. एक गच्चीवरची पत्र्याची शेड, ऐसपैस आणि रिकामी. दुसरी तळमजल्यावरची जुनी खोली: जाड दगडी भिंती, रस्त्याकडे एक खिडकी, आत घरच्या वर्षभराच्या गव्हाची कोठी. आईची ना नाही, पण "किडे गव्हात शिरले तर बघ" असं तिने बजावून ठेवलंय.

आसपास विचारलं तर जितकी तोंडं तितकी मतं. कोणी म्हणतं डांबराच्या गोळ्या टाक, कोणी गंधकाची धुरी दे, एकाने तर गव्हात टाकतात त्या सल्फासच्या गोळ्या सुचवल्या. एक म्हणाले, सगळं वितळवून टाक आणि ऑक्टोबरमध्ये नवे मेणपत्रे (ज्यांच्या आधाराने माश्या पोळं बांधतात ते मेणाचे पातळ पत्रे) लाव. तसं करायला जीव होत नाही. माश्यांनी इतक्या कष्टाने बांधलेली पोळी आहेत.

आणि परवा दोन चौकटी एकमेकींना चिकटलेल्या सापडल्या. सोडवल्या तर मध्ये पांढरी जाळी आणि काळे बारीक कण. सुरुवात झाली आहे, म्हणून घाईने विचारतोय.

लष्करच्या काकू (ग्वाल्हेर)

साठच्या साठ जपायच्या असं मनात धरू नकोस. आधी त्यातल्या जपण्याजोग्या किती, ते बघ. निम्मं काम तिथेच होतं.

सकाळी ऊन चांगलं वर आलं की एकेक चौकट सूर्याकडे धर. नवं पोळं पिवळसर असतं, घरांच्या (पोळ्यातल्या सहाकोनी कप्प्यांच्या) तळातून उजेड सरळ दिसतो. दोन-तीन हंगाम झालेलं तपकिरी होतं, तरी उजेड झिरपतो. जे पोळं काळं पडलंय आणि ज्यातून काहीच दिसत नाही, ते बाजूला काढ. त्याच्यावर जीव लावू नकोस. ते वितळवायचं.

तेच का, ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. मेणकिड्याची अळी निव्वळ मेणावर नीट वाढत नाही. नुसता मेणपत्रा कपाटात ठेव, त्याला ती सहसा तोंड लावत नाही. तिला हवं असतं ते घरांच्या आत साचलेलं. माशीचं प्रत्येक पिल्लू त्या घरात आपल्या कोषाचं पातळ अस्तर सोडून जातं. एकावर एक अशी अस्तरं बसत जातात, वर परागाचे कण, पिल्लांची विष्ठा. म्हणून काळी पोळी आधी जातात. परदेशात मधाचा मजला वेगळा असतो, राणीला तिथे जाऊ देत नाहीत, त्यामुळे तिथल्या पोळ्यात पिल्लं कधी वाढलेलीच नसतात आणि मेणकिडा त्यांच्याकडे फारसा फिरकत नाही. आपल्याकडे बहुतेकजण एकाच खणातून, म्हणजे पेटीच्या एकाच मजल्यातून, मध काढतात. त्याच चौकटीत काल पिल्लं, आज मध. म्हणजे आपली जवळपास सगळीच पोळी किड्याच्या आवडीची. तिकडचे सल्ले इकडे अपुरे पडतात, त्याचं थंडीइतकंच हेही कारण आहे.

उजेडाला धरताना आणखी एक बघ. घरांच्या तळाशी, दोन्ही बाजूंच्या मधल्या पडद्यातून, नागमोडी पांढुरकी रेघ गेलेली दिसेल. तो अळीचा बोगदा. चौकटीच्या वरच्या पट्टीवर हातोडीच्या दांड्याने टकटक कर आणि थांब. अळी आत असली तर घरांच्या तोंडाशी वळवळत येते. लहान असेल तर दोऱ्याच्या तुकड्याएवढी, मळकट पांढरी. मोठी झाली की राखाडी, बोटाच्या पेराएवढी. मोठ्या अळ्या लाकूडसुद्धा सोडत नाहीत, कोष करण्यासाठी पट्टीत होडीच्या आकाराचे खळगे कोरतात. चौकटीच्या कानाखाली (वरच्या पट्टीच्या बाहेर आलेल्या टोकांखाली) आणि पेटीच्या आतल्या कोपऱ्यांत असे खळगे सापडले तर तिथला कोष खरवडून काढ. नुसतं पोळं साफ करून भागत नाही, पेटीच्या फटीत अंडी राहतात.

तुझ्या त्या चिकटलेल्या दोन चौकटी आजच बाकीच्यांपासून दूर ने. उद्यावर टाकू नकोस. मार्चपासून आपल्याकडे ऊब वाढते आणि तीस-पस्तीस अंशांत अंडं चार-पाच दिवसांत फुटतं. अंड्यापासून पतंगापर्यंतची अख्खी फेरी उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत पुरी होते. एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. पतंग स्वतः काही खात नाही, त्याला तोंडच नसल्यात जमा. खाणारी फक्त अळी. म्हणून भिंतीवर बसलेला पतंग मारून समाधान मानू नये. तो बहुधा आपलं काम उरकून बसलेला असतो.

आता जागा. गच्चीवरची पत्र्याची शेड अजिबात नको. मेण वितळतं बासष्ट-चौसष्ट अंशांना, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही, तिथे नवं पांढरं पोळं स्वतःच्या वजनाने तारेवरून खाली घसरतं. तळमजल्याची दगडी खोली उत्तम. फक्त गहू आणि चौकटी एका खोलीत नकोत. मेणकिडा गव्हाला काही करणार नाही, तेवढं आईला सांग. माझी भीती उलटी आहे. गव्हात उद्या कोणी गोळ्या टाकल्या तर त्याच हवेत तुझं मेण राहील. आणि कोठीपाशी उंदीर येतात. त्यांना मधाचा वास लागलेलं पोळं मिळालं तर ते गहू सोडून तिकडे वळतील. कोठी हलवता येत असेल तर हलव.

चौकटी रचून ठेवू नकोस, टांग. दोन भिंतींना समांतर दोन पट्ट्या ठोक, पेटीत लटकतात तशाच कानांवर लटकव, दोन चौकटींत चांगली तीन-चार बोटं जागा सोड. खिडकी उघडी, तिला बारीक जाळी. पतंगाला अंधार आणि अडचण आवडते. उजेड आणि खेळती हवा असलेल्या ठिकाणी तो अंडी घालायला नाखूश असतो. एवढ्या एका गोष्टीवर माझ्या चौकटी होळीपासून आषाढापर्यंत निघतात. पेटीत गच्च भरून, झाकण लावून, "आता कोण जाणार आत" असं म्हणणं म्हणजे किड्याला घर भाड्याने देणं आहे. आडवी तर एकही चौकट ठेवू नकोस, उन्हाळ्यात मध्ये झोळ पडतो.

आणि शेतावरच्या पेट्यांचंही ऐक. काही जण म्हणतात, रिकाम्या चौकटी माश्यांकडेच ठेवा, त्या राखतील. जोरदार पेटी राखते, हे खरं. पण आपल्याकडे पावसाळ्यापर्यंत दहाची पेटी चार-पाच चौकटींवर येते. जेवढ्या चौकटी दोन्ही बाजूंनी माशीने झाकल्या आहेत तेवढ्याच आत ठेव, बाजूला आडोशाची उभी फळी घाल, बाकी काढून घे. उघडं पोळं आत राहिलं तर किडा आधी तिथे बसतो, मग पिल्लांखाली बोगदे करतो आणि कमजोर पेटी तिथून उठून जाते.

रसायनवाले सर (ग्वाल्हेर)

काकूंनी मांडणी चोख केली आहे. मी फक्त औषधांबद्दल लिहितो, कारण त्यातली एक गोष्ट जिवावरची आहे.

सल्फास, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याशी मिसळून त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. आपल्या भागात गव्हाच्या कोठ्यांमुळे ते घराघरांत ओळखीचं झालंय, हेच वाईट. राहत्या घरात, झोपायच्या खोलीशेजारी किंवा तळमजल्यावर हे करायचंच नाही. पावसाळी हवेत वायू आणखी झपाट्याने सुटतो. किडा मरेल, पण त्यासाठी घरातल्या माणसांचा जीव पणाला लावायचा नसतो. ज्यांनी सुचवलं त्यांनाही समजावून सांगा.

डांबराच्या गोळ्या. मेण हा चरबीच्या जातीचा पदार्थ. असे वास आणि रसायनं तो आत ओढून घेतो आणि मग सोडत नाही. ऑक्टोबरमध्ये तीच चौकट पेटीत जाते, तिच्यात मध भरतो, तो मध कोणाच्या तरी घरी लहान मूल चाटतं. कपाटातल्या लोकरीच्या शालीसाठी ठीक आहे, पोळ्यासाठी नाही. पॅराडायक्लोरोबेन्झिनचे खडेही याच कारणाने टाळा. एके काळी मधपाळ ते सर्रास वापरत, पण मेणात आणि मधात त्याचा अंश उरतो.

गंधक. जाळलं की सल्फर डायऑक्साइड होतो. अळी आणि पतंग मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून एकदा धुरी देऊन निर्धास्त झालात तर आठवड्याभरात तीच अंडी फुटतात आणि लोक म्हणतात गंधकाचा गुण आला नाही. दुसऱ्यांदा द्यावीच लागते, आणि दमट दिवसांत पुढेही. हा वायू हवेपेक्षा जड, तेव्हा वाटी पेट्यांच्या थप्पीच्या वर ठेवायची, वर एक रिकामा खण घालून. खाली ठेवली तर जळतं गंधक लाकडाला भिडण्याचीही भीती. उघड्या अंगणात करा, घरात नको. मध किंवा पराग असलेल्या चौकटींना देऊ नका.

अंडीसुद्धा मारणारी वाफ हवी असेल तर ॲसेटिक ॲसिड. ऐंशी टक्क्यांचं, दुकानातला व्हिनेगर नव्हे. त्यात चार-पाच टक्केच असतं, त्याने काही होत नाही. त्याचीही वाफ जड, म्हणून कापडाचा बोळा सगळ्यात वर ठेवायचा, फटी चिकटपट्टीने बंद करायच्या आणि थप्पी आठवडाभर तशीच राहू द्यायची. माश्यांच्या पोटाचा नोसेमा नावाचा रोग असतो, त्याचे बीजाणूही यात मरतात, हा वरचा फायदा. पण हातमोजे आणि चष्म्याशिवाय बाटली उघडू नका. कातडी भाजते. खिळे आणि तारा गंजतात, सिमेंटची फरशी खराब होते, म्हणून थप्पीखाली लाकडी फळी. नंतर चौकटी काही दिवस वाऱ्यावर ठेवल्याशिवाय माश्यांना द्यायच्या नाहीत.

मला स्वतःला विचाराल तर साठ चौकटींसाठी यातलं काहीच लागू नये. औषधाची गरज मोठ्या गोदामाला.

शिप्राकाठ (इंदूर)

इंदूरला मे महिना ग्वाल्हेरइतका भाजत नाही, पण पावसाळी ओल जास्त रेंगाळते, त्यामुळे माझा सगळा अनुभव बुरशीचा आहे. ज्या चौकटीत पराग भरलेला असतो ती श्रावणात हमखास हिरवी-पांढरी होते. म्हणून परागाच्या चौकटी साठवणीत ठेवूच नका. आत्ता, मार्चमध्ये, त्या पेट्यांनाच परत द्या. पुढे जूनमध्ये बाहेर पराग मिळत नाही तेव्हा पिल्लांना तोच उपयोगी.

चौकटी टांगायच्या स्टँडबद्दल: मी जुन्या पलंगाच्या लोखंडी पट्ट्या वापरल्या आहेत. स्टँडचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या. वाटीत थोडं तेल टाकलं की पाणी लवकर उडत नाही आणि डासही होत नाहीत. खिडकीची जाळी इतकी बारीक हवी की माशीही आत येऊ नये. मधाच्या वासाने आजूबाजूच्या माश्या येतात, एकदा वाट सापडली की दिवसभर रांग लागते आणि शेजारी तक्रार करतात.

थंडीचा प्रश्न मात्र सुटू शकतो. पतंगाची सगळी रूपं, अंड्यासकट, उणे सात अंशांत साडेचार तासांत मरतात, उणे पंधरात दोन तासांत. आइस्क्रीमवाल्याचा आडवा डीप फ्रीझर उणे अठराच्या आसपास असतो. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा कामाचा नाही, आपल्या चौकटीची वरची पट्टी एकोणीस इंचांची, ती तिथे मावतच नाही.

बटाट्याच्या कोल्ड स्टोअरेजचा विचार मनात आला असेल तर सांगतो, तिथे दोन-चार अंश असतात. त्यात अळीची वाढ थांबते, पण सगळ्या अवस्था मरतील याचा भरवसा नाही. बाहेर आणल्यावर पुन्हा सुरू.

मुरारकर (ग्वाल्हेर)

काकू, सर, दादा, मनापासून आभार. काल संध्याकाळी सगळ्या चौकटी उजेडाला धरल्या. वीसेक पोळी पूर्ण काळी निघाली. ती बहुतेक त्या पेट्यांबरोबर आलेली आहेत ज्या मी आयत्या विकत घेतल्या होत्या. विकणाऱ्याने "भरलेल्या चौकटी" म्हणून पैसे घेतले आणि जुनं गळ्यात मारलं. बाकी चाळीसमधल्या दहा-बारा अगदी पिवळ्या आहेत, उरलेल्या मध्यम.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पहिली, बऱ्याच चौकटींत मोहरीचा मध घरांच्या तळाशी गोठून बसलाय. यंत्रात फिरवूनही निघाला नाही. तसाच ठेवला तर चालेल का? दुसरी, शहरातल्या बाड्याजवळ एक आइस्क्रीमवाले ओळखीचे आहेत, ते फ्रीझरचा एक कोपरा द्यायला तयार आहेत. पण फ्रीझरमधून काढल्यावर पुढे काय? खोलीत टांगल्या तर पुन्हा पतंग येणारच ना?

लष्करच्या काकू (ग्वाल्हेर)

येणार. गोठवल्याने आतलं मरतं, बाहेरून येणारं थांबत नाही. म्हणून फ्रीझर आणि पिशवी हे दोन्ही एकत्र.

आधी गोठलेला मध. मोहरीच्या मधात ग्लुकोज जास्त, तो काही आठवड्यांतच दाणेदार होतो. यंत्राने तो निघणार नाही, जोर करशील तर पोळं फाटेल. तसाच ठेवलास तर पावसाळ्यात हवेतली ओल ओढून तो आंबतो, घरांतून ओघळतो आणि आंबूस वास सुटतो. तेव्हा संध्याकाळी, माश्यांची ये-जा थांबल्यावर, कोमट पाण्याचा हलका फवारा मार आणि सगळ्यात जोरदार पेटीच्या वर, आतल्या झाकणाला मधोमध भोक ठेवून, रिकाम्या खणात त्या चौकटी दे. माश्या वर येऊन चाटून कोरड्या करतात. दोन-चार दिवसांनी उचल. उघड्या अंगणात मात्र चाटायला ठेवू नकोस. लुटालूट सुरू होते, कमजोर पेट्या मरतात आणि एका पेटीचा रोग सगळ्यांना लागतो. हे काम आत्ताच कर. बरसीम (चाऱ्याचं पीक) फुललं की त्यांना बाहेर काम मिळेल, मग त्या वरच्या खणात नवा मध भरायला लागतील.

आता फ्रीझर. साठ नेऊ नकोस. पिवळ्या दहा-बारा आणि मध्यममधल्या उत्तम तेवढ्याच ने. प्रत्येक चौकट वर्तमानपत्रात गुंडाळ, मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांध. आइस्क्रीमवाल्याच्या दृष्टीनेही ते बरं, त्याच्या मालाला काही लागायला नको. तासांचा हिशोब चौकट पूर्ण गार झाल्यापासून सुरू होतो आणि मधाचा अंश असलेलं पोळं गार व्हायला वेळ घेतं, म्हणून मी दोन दिवस ठेवते. गोठलेलं मेण काचेसारखं फुटतं, काढताना आपटू नकोस. घरी आणलंस की पिशवी बांधलेलीच ठेव, सबंध दिवस. ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघड. गार असताना उघडलीस तर हवेतलं पाणी पोळ्यावर दव धरतं आणि तिथूनच बुरशी. कागद ओलसर वाटला तर बदल, मग पिशवी पुन्हा बांध आणि उंदीर पोचणार नाही अशा पत्र्याच्या पेटीत उभी लाव. दसऱ्यापर्यंत उघडायची नाही.

पिशवी जाडच घे. ही अळी प्लास्टिक कुरतडून भोकं पाडते. २०१७ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी हिच्याचवर काम करून दाखवलं की पॉलिथिन तिच्या तावडीतून सुटत नाही. म्हणजे आधी न गोठवता पिशवीत बांधलंस तर आतल्या अळ्या पोळं खाऊन पिशवीतून बाहेर पडतील.

मध्यम चौकटी, फ्रीझरमध्ये न मावलेल्या, खोलीत टांग. पावसाळा लागेपर्यंत पंधरवड्यातून एकदा उजेडाला धर, पाऊस सुरू झाला की दर आठवड्याला. चौकट बाहेर नेऊन बघायची, खोलीतच झटकायची नाही. जाळी दिसली तर ती चिमट्याने ओढ, बोगद्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर पोळं कापून टाक, टकटक करून अळ्या काढ आणि ती चौकट फ्रीझरच्या पुढच्या फेरीला पाठव. थोडं खाल्लेलं पोळं टाकायचं नसतं. भोकं माश्या ऑक्टोबरमध्ये सहज बुजवतात.

काळी वीस आठवड्याच्या आत वितळव. कडक उन्हाची वाट बघून उन्हातच वितळव म्हणाले असते, पण तेवढ्यात किडा संपवून टाकेल. गोणपाटात बांध, वर दगड ठेवून पाण्यात उकळ, मेण वर येईल ते गार झाल्यावर वडीसारखं निघतं. काळ्या पोळ्यातून मेण कमी मिळतं, अस्तरं ते धरून ठेवतात, तेव्हा निराश होऊ नकोस. मेण देऊन आणि बनवणावळ भरून मेणपत्रे मिळतात. रिकाम्या लाकडी चौकटी उकळत्या पाण्यात बुडवून काढल्या की फटीतली अंडी जातात. सगळं वितळवून टाक म्हणणाऱ्याचं एवढ्यापुरतं बरोबर होतं. पण बाकीच्या चाळीस वितळवू नकोस. किलोभर मेण करायला माश्यांना सहा-आठ किलो मध खर्चावा लागतो, असं मधपाळांचं गणित सांगतं. ऑक्टोबरमध्ये ज्याच्याकडे बांधलेली पोळी तयार असतात त्याची राणी मोहरीआधीच अंडी घालून माशी वाढवते. नुसत्या मेणपत्र्यावर बसलेली पेटी तेव्हा पोळी बांधण्यातच अडकलेली असते.

बर्फातला माळवी (ओंटारियो, कॅनडा)

मूळचा इंदूरचा, आता इथे पेट्या ठेवतो. तुम्ही वाचलेला सल्ला खोटा नाही, तो आमच्या हवेचा आहे. इथे भर हिवाळ्यात शेडमधलं तापमान उणे दहा-पंधरावर जातं आणि दिवसेंदिवस वर येत नाही. त्यात मेणकिड्याचं काहीच उरत नाही. चौकटी खणांत रचून वर-खाली जाळी लावून शेडमध्ये ठेवतो. आमचा शत्रू उंदीर, तो हिवाळ्यात खणात घरटं करतो आणि मधोमध पोळं कुरतडतो. मेणकिड्याची भीती इथे फक्त ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मध काढल्यापासून पहिली कडक थंडी पडेपर्यंत.

ग्वाल्हेरला जानेवारीत रात्री तीन-चार अंश झालं तरी दुपारी वीसच्या वर जातं. त्याने किडा मरत नाही, मंदावतो फक्त. शिवाय तेव्हा तुमच्या चौकटी माश्यांकडेच असतात. काकूंची पद्धत तुमच्यासाठी बरोबर आहे. एक भर: इथले लोक गोठवलेल्या चौकटींवर तारीख लिहितात, कुठली फ्रीझरमधून निघाली आणि कुठली नाही याचा घोळ होत नाही.

मुरारकर (ग्वाल्हेर)

आज काळी वीस उकळायला घेतली. वासाने गल्ली गोळा झाली होती. गव्हाची कोठी आईने स्वतःहून स्वयंपाकघराशेजारी हलवायला सांगितली आणि सर, सल्फासचं तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं, तेव्हा घरात उरलेली पुडी कुठे आहे ते आधी विचारलं. पहिल्या आठ चौकटी कागदात गुंडाळून, तारीख टाकून रात्री आइस्क्रीमवाल्यांकडे पोचवतोय.

काकू, एकच शेवटचं. ऑक्टोबरमध्ये त्या सगळ्या एकदम पेटीत घालायच्या का?

लष्करच्या काकू (ग्वाल्हेर)

नाही. आधी दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेव. मग एका वेळी एकच, पिल्लांच्या शेवटच्या चौकटीला लागून. माशीने ती दोन्ही बाजूंनी झाकली की दुसरी. बाजरीचा पराग यायला लागला की सुरुवात करता येते, दसऱ्याची वाट बघायला नको. पुडीचं मात्र आज रात्रीच बघ. घरातून बाहेर काढ, पाण्याचा थेंबही लागू देऊ नकोस, आणि नष्ट कशी करायची ते सरांना विचारून घे.

रसायनवाले सर (ग्वाल्हेर)

पुडी बंद आहे की फुटलेली, ते आधी इथे लिहा. तोवर उघडू नका, नाल्यात किंवा कचऱ्यात टाकू नका. कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी आणि घराबाहेर ठेवा.